मानेवरचा मळ

आमच्या शाळेंत शनिवारीं सकाळची शाळा असे, आणि प्रार्थना आटोपतांच मुलांस रांगेनें उभें करून त्यांची स्वच्छता तपासण्याचा आमचा परिपाठ होता. नखें, दांत, कान आणि मान ह्या चार ठिकाणीं नजर टाकावयाची आणि जेथें मळ दिसेल तेथें चार शब्द सुनवावयाचे, हें आम्ही वर्षानुवर्षें निष्ठेनें करीत आलों. मुलांस वळण लावणें हें शिक्षकाचें काम, आणि वळणाचा आरंभ अंगाच्या स्वच्छतेपासून, अशी आमची समजूत होती. ती आजहि आहे.

सुमारे ३० वर्षांपूर्वीं अशाच एका शनिवारीं सातवींतील एका मुलाच्या मानेवर आमची दृष्टि गेली. मुलगा अंगानें स्थूल, स्वभावानें गरीब, अभ्यासांत मध्यम. त्याच्या मानेवर मागल्या बाजूस काळा, जाडसर पट्टा दिसत होता. "किती दिवस आंघोळ केली नाहींस रे?" असें आम्हीं विचारलें, आणि सारा वर्ग हंसला. मुलगा कांहींच बोलला नाहीं. आम्हीं त्यास नारळाच्या शेंडीचा बोळा देऊन नळावर पाठविलें. तो परत आला तेव्हां मान लाल झाली होती. काळेपणा मात्र होता तसाच होता. सोमवारीं त्याची आई शाळेंत आली. दाराशींच उभी राहून ती म्हणाली, "गुरुजी, मी स्वतः घासतें हो त्याला. डाळीचें पीठ झालें, लिंबू झालें, कांहीं केल्या निघतच नाहीं." त्यावर आम्हीं गंभीर मुद्रेनें उत्तर दिलें, "आणखी घासा. मळच तो, निघाल्यावांचून कसा राहील?"

पुढें पुष्कळ वर्षांनीं आमच्या पुतण्याच्या मुलीस ताप आला म्हणून आम्ही तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलों. मुलगी १३ वर्षांची. डॉक्टरांनीं घसा पाहिला, छाती तपासली, आणि मग तिची वेणी बाजूस सारून मानेवरून हळूच अंगठा फिरविला. तेथें तसाच काळा पट्टा होता, आणि त्यावरून घरांत तिला रोज बोलणीं बसत असत. डॉक्टरांनीं आम्हांस प्रश्न केला, "घरांत मधुमेह कोणास आहे का?" मानेवरच्या मळाचा आणि मधुमेहाचा काय संबंध, हें आम्हांस कळेना. त्यांनीं तो समजावून सांगितला, आणि ऐकतां ऐकतां आम्हांस नळावरून परत आलेल्या त्या मुलाची लाल मान आठवली.

त्या दिवसापासून ह्या विषयाची जी माहिती आम्हीं जाणत्या डॉक्टरांस विचारून व वाचून मिळविली, ती वाचकांपुढें ठेवीत आहों. आम्ही वैद्य नव्हों. परंतु एकत्र कुटुंबांत माणसाच्या अंगावरील पालट डॉक्टरांच्या आधीं घरच्यांसच दिसतो. आणि तो दिसल्यावर घरचे दोष देतात कीं विचारपूस करतात, ह्यावर पुढचें पुष्कळ अवलंबून असतें.

*अंतःस्रावी ग्रंथि*

लाळेची ग्रंथि आपला रस नळीवाटे तोंडांत सोडते, घामाची ग्रंथि त्वचेवर सोडते. पण शरीरांत कांहीं ग्रंथि अशा आहेत कीं, त्यांस नळी नाहीं; त्यांचा रस सरळ रक्तांत मिसळतो. मेंदूच्या तळाशीं असलेली वाटाण्याएवढी पिट्यूटरी, गळ्याच्या पुढील बाजूची थायरॉईड, दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथि, स्वादुपिंडांतील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी, स्त्रियांचे बीजकोश, हीं त्यांपैकीं मुख्य ठिकाणें. ह्यांच्या रसांस १९०५ सालीं अर्नेस्ट स्टार्लिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें 'हार्मोन' हें नांव दिलें. ग्रीक भाषेंतील ज्या क्रियापदावरून तें घेतलें त्याचा अर्थ चालना देणें असा आहे. मराठींतील 'संप्रेरक' हा शब्दहि तोच अर्थ सांगतो. 'ईर्' ह्या धातूस 'सम्' आणि 'प्र' हे उपसर्ग लागून तो सिद्ध झाला आहे.

हे रस रक्ताबरोबर सर्वांगीं फिरतात, आणि त्वचा तर सर्वांगावर पसरलेली. तेव्हां ह्यांतील एखादा रस कमीअधिक झाला, तर त्याची खूण त्वचेवर, केंसांवर व नखांवर उमटावी, ह्यांत नवल नाहीं. आयुर्वेदांत रोगिपरीक्षेचे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असे तीन मार्ग सांगितले आहेत. यंत्रें व रक्ततपासण्या कितीहि वाढल्या तरी चांगला डॉक्टर आजहि आरंभ ह्या तिहींपासूनच करतो. आपणहि त्याच क्रमानें जाऊं.

*दर्शन*

प्रथम मानेची गोष्ट. ज्यास आम्ही मळ समजलों त्यास वैद्यकांत 'अकँथोसिस नायग्रिकन्स' असें नांव आहे. मानेच्या मागें, काखेंत, जांघेंत, क्वचित् बोटांच्या पेरांवर त्वचा काळसर, जाड व मखमलीसारखी होते. कित्येकदां तेथें बारीक मऊ मसहि लोंबूं लागतात. ह्याचें सर्वांत नेहमींचें कारण असें : स्थूलपणामुळें किंवा आनुवंशिक प्रवृत्तीमुळें शरीर इन्सुलिनची आज्ञा नीट मानीनासें होतें. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडूं लागतें. रक्तांतील साखर कांहीं काळ आटोक्यांत राहते. पण तें जास्तीचें इन्सुलिन त्वचेच्या पेशींस वाढण्याची चालना देतें, आणि त्वचा जाड होऊन तिला घड्या पडतात. म्हणजे येथें बाहेरून कांहीं चिकटलेलें नसतें, तर त्वचाच वाढलेली असते. ती घासून कशी जाणार? उलट घासण्यानें ती चिडते मात्र. इन्सुलिन न मानण्याचा आणि ह्या काळेपणाचा संबंध अमेरिकेंतील डॉक्टरांनीं १९७६ सालीं स्पष्ट मांडला होता. आम्हीं त्या मुलास नळावर पाठविलें त्याच्या कितीतरी आधीं हें छापून झालेलें होतें!

हा पट्टा म्हणजे मधुमेह नव्हे. मधुमेह वाटेवर असूं शकतो, अशी ती आगाऊ सूचना आहे. आपल्याकडील माणसांस हा रोग तुलनेनें लहान वयांत व कमी वजनावरहि गांठतो, म्हणून ह्या सूचनेचें मोल मोठें. वजन उतरलें, चालणें-खेळणें वाढलें, गोड व तळलेलें आटोक्यांत आलें, कीं पट्टा हळूहळू फिकटहि होतो. मात्र उतारवयांत, कृश होत चाललेल्या माणसास असा काळेपणा एकाएकीं व झपाट्यानें आला, विशेषतः तळहातांवर किंवा तोंडांत आला, तर पोटांतील एखाद्या दुर्धर गांठीची शंका घेऊन विलंब न लावतां तपासणी करावी.

काळेपणाचा दुसरा प्रकार अगदीं निराळा आहे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील डॉ. थॉमस ॲडिसन ह्यांनीं १८५५ सालीं ११ रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. माणूस दिवसेंदिवस क्षीण होतो, अन्नावरची वासना जाते, आणि त्याबरोबर अंग काळवंडत जातें, असें त्यांना आढळलें. मूळ कारण ॲड्रिनल ग्रंथींचा नाश. ह्या ग्रंथि थकल्या कीं त्यांस जागविण्यासाठीं पिट्यूटरी आपला रस सारखा वाढवीत जाते, आणि तोच रस त्वचेंतील रंगाच्या पेशींसहि चेतवितो. तळहाताच्या रेषा, बोटांचीं पेरें, हिरड्या, गालांची आंतील बाजू, नुकत्याच भरलेल्या जखमेचा वण, हीं ठिकाणें आधीं काळीं पडतात. आपल्यांत पुष्कळांच्या हातांच्या रेषा व हिरड्या मुळांतच सांवळ्या असतात. म्हणून रंग किती आहे ह्यापेक्षां तो पूर्वीं कसा होता आणि आतां कसा झाला, हें पाहावयाचें. उभें राहतांच भोंवळ, मिठाची विलक्षण ओढ, वजनांत घट हीं त्याबरोबर असतील, तर "उन्हानें रापला आहे" असें म्हणून स्वस्थ बसूं नये. आपल्या देशांत ह्या ग्रंथींचा नाश पुष्कळदां क्षयरोगानें होतो. ॲडिसन ह्यांच्या काळीं रोगी वांचत नसे. आज रोजच्या गोळ्यांवर तो आपला संसार नीट करतो. मात्र त्या गोळ्या एक दिवसहि चुकवूं नयेत, आणि ताप आला किंवा उलट्या होऊं लागल्या तर ताबडतोब डॉक्टरांस कळवावें.

तिसरी खूण चेहऱ्याची. चेहरा वाटोळा व लालसर, धड स्थूल पण हातपाय बारीक, त्वचा पातळ, जरा धक्का लागला तरी काळेंनिळें, आणि पोटावर व मांड्यांवर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे. बाळंतपणानंतरचे वळ कालांतरानें पांढुरके होतात. हे तसे नव्हेत. हार्वे कुशिंग ह्या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १९३२ सालीं ह्या विकाराचें सविस्तर वर्णन केलें. त्यांत ॲड्रिनलचा एक रस, कॉर्टिसॉल, अतोनात वाढलेला असतो. परंतु आज आपल्या घरांत हें रूप दिसलें, तर त्याचें कारण बहुधा ग्रंथींत नसून औषधाच्या डब्यांत सांपडतें. गुडघेदुखीवर किंवा दम्यावर कोणी दिलेल्या बिननांवाच्या पुड्या, मुलीस गोरें करण्यासाठीं दुकानांतून आणलेलें मलम, ह्यांत पुष्कळदां स्टेरॉईड असतें. दोन आठवडे चेहरा उजळल्यासारखा दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, केंस उगवतात, पुटकुळ्या येतात. असें मलम किंवा पुड्या घरांत असतील तर तें डॉक्टरांस प्रामाणिकपणें दाखवावें. पुष्कळ दिवस घेतलेलें स्टेरॉईड आपल्या मनानें एकदम बंद करणें हेंहि धोक्याचें आहे.

पांढऱ्या डागांविषयीं दोन शब्द लिहिणें अगत्याचें आहे. 'कोड' हा मराठी शब्द संस्कृत 'कुष्ठ' शब्दापासून आला, आणि ह्या व्युत्पत्तीनें आपल्या समाजाचा फार घात केला. कारण त्यामुळें कोड आणि महारोग ह्यांची मनांत गल्लत झाली. वस्तुतः श्वित्र म्हणजे कोड हें संसर्गजन्य नाहीं. शरीराचें संरक्षक सैन्य आपल्याच रंगपेशींवर उलटतें, म्हणून तो डाग पडतो. तेंच सैन्य कांहीं जणांच्या थायरॉईडवरहि उलटतें. म्हणून कोड असलेल्या माणसाची थायरॉईडची तपासणी करून घेणें शहाणपणाचें. त्याच्या पंगतीस बसण्यास किंवा त्याच्या घरीं सोयरीक जोडण्यास मात्र कसलीच भीति नाहीं.

*स्पर्शन*

आमच्या नात्यांतील एका घरची हकीगत. तेथील धाकटी सून दुसऱ्या बाळंतपणानंतर पार बदलली. पूर्वीं पहांटे उठून देवपूजेची तयारी करणारी ती मुलगी दिवसासुद्धां पेंगूं लागली. केंस गळूं लागले, टांचांस भेगा पडल्या, चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा. घरांत कुजबूज सुरू झाली कीं, सूनबाईंस काम नको झालें आहे. कोणी म्हणालें माहेरीं फार लाड झाले, कोणी म्हणालें खाणें मात्र उतरलें नाहीं! ती बिचारी ऐकून घेई. तिलाहि वाटूं लागलें होतें कीं आपणच आळशी झालों.

एके दिवशीं तिच्या चुलतसासूबाई तिच्या हातांत बांगड्या भरावयास बसल्या. वैशाखाचे दिवस, घरांत सगळे घामानें निथळत होते. त्यांनीं तिचा हात हातांत घेतला आणि त्या एकदम थबकल्या. "अग, तुझा हात माघांतल्यासारखा गार कसा? आणि कातडें असें खरखरीत?" त्या माउलींचें शिक्षण चार इयत्तांचें, पण त्यांनीं दुसऱ्याच दिवशीं सुनेस डॉक्टरांकडे नेलें. डॉक्टरांनीं भुंवया पाहिल्या, त्यांचीं बाहेरचीं टोकें विरळ झालीं होतीं. घोट्यामागच्या शिरेवर लहानशा हातोडीनें टिचकी मारली, तर पाऊल उडालें तें अगदीं सावकाश परत आलें. थायरॉईडचा रस फार कमी पडला होता. एका रक्ततपासणीनें तें सिद्ध झालें. रोज सकाळीं उपाशीपोटीं एक लहानशी गोळी, एवढाच उपाय. कांहीं महिन्यांत सून पूर्ववत् हिंडूंफिरूं लागली. घरांतील ज्यांनीं ज्यांनीं तिला बोल लावले होते त्यांपैकीं कोणी तिची क्षमा मागितल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

ह्या उपायाचा इतिहासहि मनोरंजक आहे. १८९१ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें डॉ. जॉर्ज मरे ह्यांनीं अशाच एका स्त्रीस मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोंचला. ती बाई पुढें २८ वर्षें जगली. एखाद्या ग्रंथीचा रस बाहेरून देऊन माणूस बरा होऊं शकतो, ह्याचें तें ठळक उदाहरण ठरलें.

थायरॉईडचा रस वाढला तर स्पर्श उलटा सांगतो. हात ऊन, ओलसर, तलम. बोटें लांब करून त्यांवर कागद ठेवला तर तो थरथरतो. भूक चांगली असून माणूस वाळतो, छाती धडधडते, डोळे पुढें आल्यासारखे दिसतात. अशा माणसास घरांत 'तापट' म्हणून नांवें ठेवतात. डब्लिनच्या डॉ. ग्रेव्हज ह्यांनीं १८३५ सालीं ह्याचें वर्णन केलें, म्हणून तें त्यांच्या नांवें प्रसिद्ध आहे.

*प्रश्न*

पाहून व स्पर्श करून जें कळत नाहीं तें विचारल्यानें कळतें. पण विचारणें आणि जाब विचारणें ह्यांत फरक आहे. "अंगठी घट्ट होऊं लागली का? वहाणेचें माप वाढलें का?" हा प्रश्न साधा दिसतो. परंतु प्रौढ वयांत पिट्यूटरीचा वाढीचा रस अधिक झाला, तर हात, पाय, नाक, जबडा हळूहळू मोठे होतात, त्वचा जाड व तेलकट होते, घाम फार येतो. पॅरिसच्या डॉ. पिएर मारी ह्यांनीं १८८६ सालीं ह्या विकारास नांव दिलें. हा पालट इतका सावकाश होतो कीं, रोज पाहणाऱ्या घरच्यांस तो दिसतच नाहीं. म्हणून डॉक्टर जुनीं छायाचित्रें मागवितात. लग्नांतील फोटो अशा वेळीं उपयोगी पडतो.

मुलींच्या बाबतींत विचारपूस फार नाजूकपणें करावी. हनुवटीवर, ओठावर, छातीवर राठ केंस, जबड्याच्या कडेनें न हटणाऱ्या पुटकुळ्या, आणि पाळी दोन-दोन तीन-तीन महिने पुढें जाणें, हीं तिन्ही एकत्र आलीं, तर बीजकोशांचा विकार असण्याचा संभव असतो. शिकागो येथील स्टाईन व लेव्हेंथल ह्या दोघा डॉक्टरांनीं १९३५ सालीं त्याची ओळख पटविली. हा विकार आज अनेक मुलींत आढळतो, आणि त्यांतहि पुष्कळदां इन्सुलिन न मानण्याचीच तक्रार मुळाशीं असते. दाखविण्याच्या कार्यक्रमाआधीं ते केंस काढून टाकण्याची घाई आया करतात. पण केंस उपटले म्हणजे कारण उपटलें असें होत नाहीं. आणि जर थोड्याच महिन्यांत केंस भराभर वाढून मुलीचा आवाजहि जाड होऊं लागला, तर एक दिवसहि दवडूं नये. ग्रंथींत गांठ असूं शकते.

इतकें वाचून कोणी घाबरूं नये. गर्भारपणीं गालांवर वांग उमटतो, पोटावर काळी रेघ उठते; ती संप्रेरकांचीच लीला असते, पण रोग नव्हे. कोणाची मान उन्हानें काळी होते, कोणाचा वर्णच सांवळा असतो. एका खुणेवरून रोग ठरवूं नये, आणि ठरविण्याचें काम आपलें नव्हेच. खुणा जुळून आल्या तर डॉक्टरांस दाखविणें एवढेंच आपलें काम.

तें करतांना दोनतीन गोष्टी पाळाव्यात. शक्य तर दिवसाउजेडीं जावें. पिवळ्या दिव्याखालीं रंग नीट कळत नाहीं. पावडर, नखांचा रंग किंवा ताजी मेंदी लावून जाऊं नये. सध्यां चालू असलेलीं सर्व औषधें, मलमें व पुड्या बरोबर न्याव्यात. काख, पोट, मांडी दाखविण्याचा स्त्रियांस संकोच वाटतो. तेव्हां स्त्री डॉक्टर पाहावी, किंवा घरांतील वडील बाईनें बरोबर उभें राहावें, पण संकोचासाठीं खूण झांकून ठेवूं नये.

आतां त्या मुलाविषयीं सांगून लेख पुरा करतों. दोन वर्षांपूर्वीं एका लग्नांत तो भेटला. आतां तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. त्यानें वाकून नमस्कार केला आणि पानावरील जिलबी नाकारतांना सहज म्हणाला, "गुरुजी, ३२ व्या वर्षींच साखर निघाली." आम्हांस राहवलें नाहीं, त्या शनिवारची गोष्ट काढून आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो हंसला. म्हणाला, "त्या वेळीं कोणाला ठाऊक होतें, गुरुजी?" मग थोडा वेळ थांबून त्यानें सांगितलें कीं, आई मरेपर्यंत म्हणत असे, मी नीट घासलें असतें तर निघालें असतें.

त्या माउलीस आम्हीं काय सांगितलें होतें तें आम्हांस ठाऊक आहे, आणि तें परत घेण्याची सोय आतां उरलेली नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरांत आज एखादें मूल मान घासून घासून लाल करून घेत असेल, तर त्याच्या हातांतील बोळा काढून घ्यावा आणि त्यास उद्यांच डॉक्टरांकडे न्यावें, एवढी आमची विनंति आहे.